पाठ कर इकडे

१

चष्मेवाला तसा गरीब स्वभावाचा माणूस. दिवसभर दुकानात बसायचं, लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, काड्या गरम करून कानामागे वाकवायच्या आणि "आता नीट दिसतंय का?" म्हणून विचारायचं, यात त्याची निम्मी हयात गेली होती. स्वतःचा चष्मा काढला की त्याला समोरची बायको आणि समोरचं कपाट यातला फरक कळत नाही, असं त्याची बायको सांगायची. घातल्यावरही कळत नाही, हे ती जरा थांबून पुढे जोडायची.

दर वर्षी उन्हाळा सरत आला आणि पोरींच्या शाळा उघडायला आठवडा राहिला, की दुकानाला कुलूप लावून ही मंडळी तळ्याकाठच्या एका घरात जाऊन राहत. घर भाड्याचं, पण इतकी वर्षं तेच, त्यामुळे कुठलं दार ओढून घ्यावं लागतं आणि कुठल्या नळाला आधी गुरगुरू द्यावं लागतं हे सगळ्यांना पाठ होतं. पुढे दोन खोल्या, मागे अरुंद बोळ, बोळात भिंतीवर जुना फोन, त्याच्या शेजारी खुंट्या, आणि मागचं दार उघडलं की दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. तिथे मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ व्हायचं. थोरली मुलगी त्यावरून दोन दिवस तोंड फुगवून बसायची आणि तिसऱ्या दिवशी विसरायची.

आणि त्या पायऱ्यांवर असायची अक्का. अक्का म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, त्याला न्हाऊ-माखू घातलं ते अक्कानेच. स्वतः ती कधी पाण्यात उतरली नाही. खरखरीत जुना टॉवेल घेऊन वरच्या पायरीवर उभी राहायची, आणि जो बाहेर येईल त्याला म्हणायची, "पाठ कर इकडे." आधी खांदे, मग मणक्यावरून खाली, मग कंबर, आणि शेवटी पाठीवर दोन थापा. थापा पडल्या म्हणजे सुटलो. मध्येच कोणी मागे वळून बघितलं तर मानेला धरून तोंड पुन्हा तळ्याकडे करायची आणि म्हणायची, "हलू नकोस." अंगाचं बाकी सगळं ज्याचं त्याने पुसायचं, पण आपली पाठ आपण पुसायची त्या घरात रीतच नव्हती. लग्न होऊन आलेल्या बायकोनेही पहिल्या उन्हाळ्यात लाजत लाजत पाठ केली होती, आणि नंतर तिलाही त्याशिवाय पोहल्यासारखं वाटेना.

यंदा अक्का नव्हती. पहिल्या संध्याकाळी चौघेही मनसोक्त डुंबले, दात वाजायला लागले तसे बाहेर आले, आणि पायऱ्यांवर घराकडे पाठ करून ओळीने उभे राहिले. उभेच राहिले. अंगावरून पाणी निथळत होतं, समोरच्या काठावर ऊन उतरत होतं, आणि मागून कोणी येईना. मग बायकोला हसू फुटलं.

"काय बाई ही सवय!" असं म्हणून ती आत गेली आणि तिने मुद्दाम आणलेले नवे, मऊ, रंगीत टॉवेल सगळ्यांच्या हातात दिले. हसायला कोणीच साथ दिली नाही. चष्मेवाल्याने पायरीवर ठेवलेला चष्मा उचलला आणि तो उगाच काचा पुसत बसला.

२

अक्काला आणलं नव्हतं, कारण अक्काला खोटं सांगितलं होतं.

झालं होतं असं की, गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरातले पाहुणे पोहायला आले होते. त्यातले एक गृहस्थ, चांगले पोट सुटलेले, पाण्यातून वर आले आणि अक्काने त्यांचा दंड धरून त्यांना फिरवलं. "पाठ कर इकडे," म्हणाली आणि पुसायला लागली. ते बिचारे गोंधळून उभे राहिले. त्यांच्या घरची माणसं खो-खो हसली. थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. अक्काने शेवटच्या दोन थापा मारल्या, त्या माणसाचं तोंड पाहिलं, आणि मग आपल्या भावाला शोधत सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. भाऊ तिथेच होता. तोही त्या लोकांबरोबर हसत होता.

त्यानंतर वर्षभरात ती आणखी विसरायला लागली. गॅस चालू राहायचा, दार उघडं राहायचं. ती दोन गल्ल्या सोडून तिच्या खोलीत राहायची, खालच्या मजल्यावर निवृत्त नर्सबाई होत्या, त्या लक्ष ठेवायच्या. यंदा जायचे दिवस आले तसं चष्मेवाल्याने तिला सांगून टाकलं की तळ्यावरच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, यंदा जाणं नाही, आणि दुकानात काम तुंबलंय म्हणून आठवडाभर यायला जमणार नाही, फोन करीन. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो ते फार तपशिलात बोलला. कौलं कुठून आणायची आहेत तेसुद्धा सांगितलं.

"मग पोरींना यंदा पाणी नाही?" अक्काने विचारलं.

"नाही."

"बरं. छप्पर लवकर घालायला सांग. गाद्या भिजतील." आणि तो निघताना तिने त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

जिना उतरताना त्याने नर्सबाईंना तळ्यावरच्या घराचा नंबर दिला आणि अक्काला काही बोलू नका म्हणाला. नर्सबाईंनी नंबर घेतला. लिहून घेताना त्यांनी वर पाहिलंही नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

३

दुसऱ्या दिवशी धाकटी पाण्यातून धावत वर आली आणि खाऊ मागत त्याच्या गळ्यात पडली. त्याने तिला जवळ घेतलं आणि त्याचा हात तिच्या पाठीवर थांबला.

केस निथळत होते. नाकावरून पाणी गळत होतं. पोहायच्या कपड्याची पुढची बाजू पिळून काढावी इतकी ओली. आणि पाठ कोरडी. नुसती कोरडी नाही, गरम आणि जराशी लाल, चोळल्यासारखी.

"पाठ कोणी पुसली गं तुझी?"

"तूच ना, बाबा?" धाकटी म्हणाली आणि त्याच्या खिशात हात घालून बिस्किटं शोधायला लागली.

आता चष्मेवाला काही अडाणी नव्हता. त्याने विचार केला. दगड दिवसभर तापलेले असतात, पोर त्यांना टेकून बसली असेल, दगडाने पाणी शोषलं असेल. लाल झाली ती उन्हाने. झालं. त्याने स्वतःची अशी समजूत घातली आणि जीव भांड्यात पडल्यासारखं केलं. तेवढ्यात बायको केस पिळत आत आली आणि म्हणाली, "आज प्रेम फार उतू चाललंय तुमचं. माझी पाठ पुसलीत ती पुसलीत, जरा हळू तरी पुसायची."

त्याने मान हलवून नाही म्हटलं. बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा हात हळूच मागे, खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

संध्याकाळी तो बोळात गेला. खुंटीवर अक्काचा जुना टॉवेल होता, गेल्या वर्षीपासून तिथेच लटकत असलेला. नवे टॉवेल आल्यावर त्याला कोणी हात लावला नव्हता. चष्मेवाल्याने लावला. टॉवेल ओला होता, आणि त्याच्या टोकाखाली फरशीवर थेंब पडलेले होते.

४

त्या संध्याकाळी त्याने अक्काला फोन केला. उचलला नर्सबाईंनी. अक्का नुकतीच उठतेय म्हणाल्या. कधी नव्हे ती दुपारी आडवी झाली आणि अशी गाढ झोपली की हाका मारल्या तरी हूं की चूं नाही. आणि हात गार पडलेत, बोटांच्या टोकांना सुरकुत्या आल्यात, धुणं धुऊन उठलेल्या बाईसारख्या. नर्सबाईंनी हे सगळं आपल्या कामाच्या आवाजात सांगितलं आणि फोन अक्काकडे दिला.

अक्काचा आवाज दमलेला होता, पण ती खुशीत होती. जेवलास का, दुकानात गर्दी आहे का, सगळं विचारून झालं. तोही दुकानातून बोलतोय असं दाखवत उत्तरं देत होता. मागच्या दारातून तळं दिसत होतं आणि पोरी कलिंगडाच्या बिया एकमेकींच्या अंगावर थुंकत होत्या. त्याने फोनच्या तोंडावर हात धरला, हसण्याचा आवाज जाऊ नये म्हणून.

"धाकटीचा डावा खांदा उन्हाने सोलवटलाय," अक्का म्हणाली. "काहीतरी थंड लाव."

"हो," तो म्हणाला.

तुला कसं कळलं, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर छपराचं काय ते सांगावं लागलं असतं. फोन ठेवला आणि तो बाहेर गेला. धाकटीचा डावा खांदा पाहिला. मग आत येऊन दह्याची वाटी घेतली आणि मुकाट्याने लावत बसला.

५

आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर आठवडा होता.

पाणी वरून कोमट आणि पायाशी गार असं झालं होतं, उन्हाळा संपताना होतं तसं. सकाळी पाव भाजून खायचे, दुपारी पत्ते कुटायचे, ऊन कललं की तळ्यात. बायको पोरींसारखी उड्या मारायची. थोरली मोबाइल विसरली होती आणि धाकटीला उताणं तरंगायला शिकवत होती. कोणी कोणावर ओरडलं नाही. आणि पोहून झालं की चौघेही एकेक करून वर यायचे, घराकडे पाठ करायचे आणि समोरच्या काठाकडे बघत उभे राहायचे. मागे बोळाचं दार करकरायचं. मग खरखरीत कापड खांद्यावर पडायचं, मणक्यावरून खाली उतरायचं, कंबरेवर फिरायचं. दोन थापा. मग शेजारच्याची पाळी.

मागे कोणीही वळलं नाही. तसं ठरलं नव्हतं, पण बायको वळली नाही, धाकटीही वळली नाही. आणि गेल्या वर्षी जिला सगळ्यात जास्त लाज वाटली होती ती थोरली आता सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहत होती. घरात गेल्यावर त्याविषयी अवाक्षर नाही. चष्मेवाला स्वतःला बजावायचा की वारा असतो, सवय असते, माणसाच्या कातडीलाही आठवण असते. पण मनात असायची ती भीती नव्हती, शरम होती. आपण तिला घरी ठेवून आलो आणि तिच्याकडून काम मात्र करून घेतोय, हे त्याला पक्कं कळत होतं. कळूनही तो रोज पाठ करून उभा राहत होता.

अक्का मात्र रोज उशिरा उठायला लागली. आधी दिवेलागणीला, मग जेवायच्या वेळेला. निघायच्या आदल्या दिवशी बोळातला फोन आपणहून वाजला. नर्सबाई होत्या.

"आज उठवताना मी घाबरले," त्या म्हणाल्या. "उठल्या, पण मला ओळखायलाच तयार नाहीत. डॉक्टर आले, वय झालंय म्हणून गेले. मी एवढी वर्षं माणसं पाहिली, ही झोप तशी नाही. तुम्ही तिथे रोज पोहता ना? साधारण कधी?"

त्याने सांगितलं.

मग नर्सबाई म्हणाल्या, "त्या तेव्हाच झोपतात. का ते मला विचारू नका, मला माहीत नाही. पण उद्या पोहू नका. एवढं कराल?"

"करीन," चष्मेवाला म्हणाला. "उद्या संध्याकाळी निघतोच आहोत."

"लगेच नाही निघता येणार?"

त्याने खोलीकडे पाहिलं. पोरी पत्ते वाटत होत्या आणि त्याचाही डाव मांडून ठेवला होता. "उद्या," तो म्हणाला.

६

शेवटच्या दिवशी पोहणं नाही, हे त्याने सकाळीच जाहीर केलं. बायकोला नर्सबाईंचं बोलणं सांगितलं होतं. ती ऐकून पलंगावर बसूनच राहिली आणि मग इतकंच म्हणाली की आत्ताच्या आत्ता निघू या. संध्याकाळी निघू, सामान तर आवरायला हवं, असं तो म्हणाला. थोरलीने कारण विचारलं नाही. धाकटी रडली, मग पायऱ्यांवर जाऊन नुसते पाय पाण्यात सोडून बसली. त्याने अक्काचा टॉवेल खुंटीवरून काढला, घडी केली आणि बॅगेत सगळ्यात तळाशी ठेवला.

दुपार तुंबून राहिली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. गाद्या गुंडाळताना, भांडी खोक्यात भरताना चष्मेवाल्याला घामाच्या धारा लागल्या. पाठीवर शर्ट चिकटला. तो मागच्या दाराशी आला. ऊन कललं होतं. पोरी पायऱ्यांवरून उठून अंगणात गेल्या होत्या आणि पाणी एकटंच होतं.

पाय धुऊ या, असं त्याने मनाशी म्हटलं. आणि ते खोटं होतं, छपरासारखंच.

पायरी उतरता उतरता त्याने दुसरं कारण तयार केलं. आज मागे वळायचं. अक्काच्या तोंडाकडे बघून सगळं सांगून टाकायचं, की छप्पर जागेवर आहे, तुझी लाज वाटली म्हणून आणलं नाही, तू हे बंद कर आणि घरी जा. हे सांगायला ती इथे यायला हवी, आणि ती यायची तर कोणीतरी भिजायला हवं. असा हा हिशोब. स्वतःला फसवायचं म्हटलं की त्याची जीभ कशी तुरुतुरु चालायची. त्याने शर्ट काढला, चष्मा वरच्या पायरीवर ठेवला आणि पाण्यात शिरला.

पाणी फार छान होतं. त्याने एक बुडी मारली, आणखी एक मारली. बाहेर आला तेव्हा पोरी आवाज ऐकून अंगणाच्या कोपऱ्यावरून धावत आल्या होत्या आणि थेट पाण्यात उतरल्या होत्या, घातल्या कपड्यांनिशी. त्यांना परत फिरा म्हणायला त्याला तोंडच उरलं नव्हतं. तो वरच्या पायरीवर आला. घराकडे पाठ करून उभा राहिला. मागे दार करकरलं.

टॉवेल तर बॅगेत होता, तळाशी. तरी खांद्यावर खरखरीत कापड पडलं.

त्याने खाली वाकून चष्मा उचलला. वळ आता, तो स्वतःला म्हणाला. मान वळेना. समोर पाण्यात कमरेपर्यंत उभ्या असलेल्या दोन धूसर पोरी त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्यावरून मागे. धाकटीने हात वर करून हलवला. थोरलीने दोन्ही हात तोंडावर धरले.

चष्म्याच्या काचेत मागचं दिसतं अशी गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार असायची, आणि त्यावर उपाय म्हणून तो त्यांना वेगळ्या काचा बसवून द्यायचा. स्वतःला मात्र साध्याच काचा होत्या. हातातला चष्मा डोळ्यांसमोर धरताना त्या काचेत एवढंसं काही दिसलं. पांढरे केस, ओले नव्हे, उशीवर दबलेले. एक सुरकुतलेला हात, वरखाली होणारा. आणि अक्काचा चेहरा, डोळे मिटलेला. झोपेतच पुसत होती ती.

बोळात फोन वाजायला लागला.

"अक्का," तो म्हणाला. "अक्का, छप्पर..."

"हलू नकोस," मागून ती म्हणाली. अगदी दमलेला, मायेचा आवाज. कापड मणक्यावरून खाली येत होतं, हळू, आणखी हळू.

तो हलला नाही. आता वळलो तर ती थांबेल, आणि थांबली तर कदाचित उठेल, हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याने फक्त वळायला हवं होतं. पण वळलो की तिला तोंड दाखवावं लागणार होतं. आणि पाठीला फार बरं वाटत होतं.

फोन वाजायचा थांबला. आत बायको "हॅलो" म्हणाली. कापड कंबरेच्या वर येऊन थांबलं, आणि मग तिथे काही नव्हतं. कंबरेवरची ओल तशीच राहिली. पहिल्यांदाच थोडा वारा सुटला आणि ती जागा गार पडली.

पोरी पाण्यातच उभ्या होत्या. बायको बोळातून त्याला हाक मारत होती, एकदा, मग पुन्हा, मग रडत. चष्मेवाला चष्मा हातात धरून समोरच्या काठाकडे बघत, घराकडे पाठ करून तसाच उभा राहिला. अजून दोन थापा यायच्या होत्या.